कुर्दिस्तानातली खरी हेरगिरी आणि पडद्यावरची हेरगिरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेरपट पाहून झाल्यावर कुर्दांबद्दल जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. चित्रपटाची गोष्ट फुटलेली चालत नसेल, तर पडद्यावरच्या हेरगिरीचे प्रश्न आधी ओलांडून पुढे जा.

कुर्दिस्तान नावाचा देशच नाही, मग तिथे हेरांचं काय काम?

देश नाही म्हणूनच एवढं काम आहे. तीन ते चार कोटी कुर्द तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया अशा चार देशांत वाटले गेले आहेत. १९२० च्या सेव्हर करारात त्यांना स्वायत्ततेचं आश्वासन मिळालं होतं. १९२३ च्या लोझान करारात ते गायब झालं. तेव्हापासून या चारही सरकारांना आपल्या घरच्या कुर्दांची धास्ती वाटते आणि शेजारच्या कुर्दांचा मात्र पुळका येतो. इराणच्या शहाने इराकी कुर्दांना बंदुका पुरवल्या, सद्दामने इराणी कुर्द पक्षांना आसरा दिला, सीरियाने तुर्कस्तानच्या कुर्दांचा नेता अब्दुल्ला ओजलान याला जवळपास वीस वर्षं सांभाळलं. असले व्यवहार वकिलातीतून होत नाहीत. ते करायला माणसं लागतात, आणि ती माणसं डोंगरातली वाट माहीत असलेली लागतात.

त्यात उत्तर इराकमधल्या किर्कुकचं तेल आलं, शीतयुद्ध आलं, इस्रायल आलं. सगळ्यांनाच तिथे कुणीतरी 'आपला माणूस' हवा होता.

याची सुरुवात कुठून झाली?

पहिलं नाव बहुधा एली सोन या इंग्रजाचं घ्यावं लागेल. १९०९ मध्ये हा गृहस्थ शिराजचा पर्शियन मिर्झा बनून कुर्दिस्तानात शिरला आणि हलब्जाच्या अदेला खानम या कर्त्या बाईंच्या दरबारी राहिला. पर्शियन इतकी पक्की की सोंग निभावलं. पुढे पहिल्या महायुद्धानंतर तोच इराकी कुर्दिस्तानातल्या सुलेमानियात ब्रिटिशांचा राजकीय अधिकारी म्हणून आला. आधीचा प्रवास हेरगिरी होता की नुसता छंद, यावर वाद घालता येईल. पण त्या माहितीचा उपयोग कुणाला झाला हे स्पष्ट आहे.

दुसरा टप्पा महाबादचा. जानेवारी १९४६ मध्ये इराणमधल्या महाबाद गावात सोविएत छत्राखाली कुर्दांचं प्रजासत्ताक स्थापन झालं, आणि डिसेंबरात ते संपलं. अध्यक्ष काझी मुहम्मद यांना मार्च १९४७ मध्ये त्याच गावच्या चौकात फाशी दिलं गेलं. मधल्या काळात तेहरानच्या अमेरिकी वकिलातीतला एक तरुण लष्करी अधिकारी तिथे जाऊन आला. त्याचं नाव आर्ची रूझवेल्ट, माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा नातू. त्याने जे पाहिलं ते नंतर एका नियतकालिकात लिहून छापलं, आणि पुढे सीआयएत नोकरी केली.

मोसाद आणि कुर्द यांचे संबंध खरे की कपोलकल्पित?

१९६५ ते १९७५ या काळापुरते पूर्ण खरे. इस्रायलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांनी १९८० मध्ये ते जाहीरपणे कबूल केलं. इराण-इस्रायल तेव्हा मित्र होते, म्हणून रस्ता इराणमधून होता. शहाचं हेरखातं सावाक मधोमध, एका टोकाला इस्रायलचं हेरखातं मोसाद, दुसऱ्या टोकाला इराकी कुर्दांचे नेते मुल्ला मुस्तफा बारझानी. प्रशिक्षक आले, शस्त्रं आली, डोंगरात इस्पितळही उभं राहिलं. इस्रायलचा हिशेब सरळ होता: इराकी सैन्य उत्तरेत गुंतून पडलं, तर ते आपल्या सीमेवर येणार नाही. शिवाय १९७० च्या सुमारास बगदादमधल्या ज्यूंचा जीव टांगणीला लागला, तेव्हा शेकडो कुटुंबं कुर्द वाटाड्यांच्या मदतीनेच इराणात निसटली.

इराकी वैमानिकाने विमान पळवलं, त्यात कुर्दांचा हात होता म्हणतात. ते काय?

१६ ऑगस्ट १९६६ रोजी मुनीर रेद्फा हा इराकी वैमानिक मिग-२१ घेऊन थेट इस्रायलमध्ये उतरला. पाश्चात्त्य देशांच्या हाती हे विमान तोवर लागलेलं नव्हतं. रेद्फा ख्रिस्ती होता, बढतीत डावलला गेल्याचा राग त्याच्या मनात होता, आणि कुर्द गावांवर बाँब टाकावे लागतात हीसुद्धा त्याची एक खंत होती असं सांगतात. विमान उडवणं त्याला येतच होतं. खरी अडचण घरच्यांची होती. तो गेल्यावर ते मागे राहिले असते तर त्यांचं काय झालं असतं हे सांगायला नको. इराकमध्ये राहिलेल्या नातलगांना सीमेपार इराणात पोचवण्याचं काम कुर्दांनी केलं.

इस्रायलने त्या विमानावर '००७' असा क्रमांक रंगवला. हेरपटांच्या प्रभावाचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही. १९८८ साली या प्रकरणावर 'स्टील द स्काय' नावाचा अमेरिकी दूरचित्रपट आला. त्यात कथेचा कणा आहे एक सुंदर स्त्री हेर आणि तिच्या मोहात पडलेला वैमानिक. वैमानिकाचे नातलग गुपचूप सीमेपार नेणारा माणूस हा कथेचा नायक होऊ शकतो, हे लेखकांना सुचत नाही. मला विचाराल तर तोच जास्त रंगतदार.

'सीआयएने कुर्दांना वाऱ्यावर सोडलं' असं सारखं ऐकू येतं. नेमकं कधी?

एकदा असतं तर तारीख सांगून मोकळं झालो असतो. पण मूळ प्रकरण १९७२ ते १९७५ चं, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

मे १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन आणि हेन्री किसिंजर तेहरानला गेले. शहाने गळ घातली की बारझानींना मदत करा. बारझानींचा शहावर काडीचा विश्वास नव्हता, अमेरिकेवर मात्र होता, म्हणून अमेरिकेचं नाव हवं होतं. सीआयएने सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर खर्चले. शस्त्रं मुद्दाम सोविएत बनावटीची निवडली, म्हणजे उद्या कुणाच्या हाती लागली तरी बोट वॉशिंग्टनकडे वळू नये. अमेरिकी संसदेच्या पाईक समितीने नंतर या व्यवहाराची कागदपत्रं तपासली. तिचा निष्कर्ष असा, की कुर्दांनी जिंकावं अशी ना शहाची इच्छा होती ना अमेरिकेची. इराकला रक्तबंबाळ ठेवायचं, एवढाच बेत. आणि कुर्दांना याचा पत्ता लागू द्यायचा नव्हता.

६ मार्च १९७५ रोजी अल्जीयर्समध्ये शहा आणि सद्दाम यांनी हातमिळवणी केली. शत अल-अरब नदीच्या सीमेवर शहाला हवं ते मिळालं, बदल्यात त्याने कुर्दांची रसद तोडली. काही दिवसांत उठाव कोसळला. बारझानींनी किसिंजरना कळकळीचं पत्र लिहिलं. त्याचा उपयोग झाला नाही. लाखाहून अधिक माणसं इराणात पळाली. स्वतः बारझानी कर्करोगाने आजारी होऊन अमेरिकेत गेले आणि १ मार्च १९७९ रोजी वॉशिंग्टनमध्ये वारले.

पाईक समितीचा अहवाल दडपला गेला, पण १९७६ मध्ये फुटून एका न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात छापला गेला. त्यात एका बड्या अधिकाऱ्याचं वाक्य आहे की गुप्त कारवाई म्हणजे मिशनरी काम नव्हे. ते वाक्य किसिंजर यांच्या नावावर जमा आहे.

टेपरेकॉर्डरमध्ये बाँब ठेवून बारझानींना मारायचा प्रयत्न झाला होता, हे खरं का?

खरं आहे. २९ सप्टेंबर १९७१. बगदादहून मौलवींचं एक शिष्टमंडळ हाजी ओमरानला बारझानींच्या भेटीला आलं. मौलवींना सुरक्षा खात्याने सांगितलं होतं, की बारझानींचं बोलणं गुपचूप ध्वनिमुद्रित करा, म्हणून यंत्रं दिली आहेत. आपण छोटीशी हेरगिरी करतो आहोत, एवढीच त्यांची समजूत. कळ दाबली आणि स्फोट झाला. नेमका त्याच क्षणी चहा देणारा माणूस मध्ये आला होता. तो गेला, मौलवीही मारले गेले, बारझानी बचावले. बाहेर थांबलेले गाड्यांचे चालक हे खरे हस्तक होते. त्यांनी हातबाँब फेकले आणि पेशमर्गांनी, म्हणजे कुर्द लढवय्यांनी, त्यांना तिथेच टिपलं.

पटकथाकाराने हा प्रसंग लिहून आणला असता तर निर्मात्याने 'फारच फिल्मी' म्हणून परत पाठवला असता.

कुर्दांची स्वतःची हेरखाती आहेत का?

आहेत, आणि एकाहून जास्त आहेत हीच त्यातली गोम. बारझानींच्या कुर्दिस्तान डेमोक्रॅटिक पक्षाची 'पारास्तिन' १९६० च्या दशकातली, सावाक आणि मोसाद यांच्या मदतीने घडलेली. प्रतिस्पर्धी नेते जलाल तालबानींच्या पक्षाची 'झान्यारी' वेगळी. अंतर्गत सुरक्षेला 'आसायिश' म्हणतात. इराकी कुर्दिस्तानात दोन्ही पक्षांची यंत्रणा एका छताखाली आणायला सुरक्षा परिषद काढली गेली, पण एर्बिल एकाचं आणि सुलेमानिया दुसऱ्याचं, ही वाटणी अजून पुरती पुसलेली नाही. दोन्ही पक्ष १९९४ पासून चार वर्षं एकमेकांशी लढलेत, त्यामुळे त्यांचे हेर एकमेकांनाही चांगले ओळखतात.

'सीरियाना' या हेरपटात जॉर्ज क्लूनीने रंगवलेला हेर खरा माणूस आहे का?

त्याचं पात्र रॉबर्ट बेअर या सीआयए अधिकाऱ्याच्या आठवणींवरून सैलसर बेतलेलं आहे. भूमिकेसाठी क्लूनीला ऑस्कर मिळालं. पण बेअरच्या कारकिर्दीतलं सर्वांत स्फोटक प्रकरण या चित्रपटात नाही. १९९५ मध्ये तो उत्तर इराकमध्ये, कुर्दांच्या भागात होता. मार्चमध्ये सद्दामविरुद्ध उठावाची तयारी झाली होती. ऐन वेळी वॉशिंग्टनहून निरोप आला की अमेरिका पाठीशी नाही. तालबानींच्या माणसांनी तरीही हल्ला केला, बारझानींच्या पक्षाने अंग काढून घेतलं, बेत फसला. बेअर घरी परतला तर एफबीआय दारात, सद्दामच्या हत्येचा कट रचल्याच्या आरोपाची चौकशी करायला.

पुढच्या वर्षी, ३१ ऑगस्ट १९९६ रोजी, सद्दामचे रणगाडे एर्बिलमध्ये घुसले. बोलावलं होतं कुर्दांच्याच एका पक्षाने, बारझानींच्या, तालबानींच्या पक्षाचा काटा काढायला. अमेरिकेसाठी काम केलेल्यांना शोधून मारलं जाऊ लागलं. सीआयएचे लोक आधीच निघून गेले होते. मागे राहिलेल्या सुमारे साडेसहा हजार लोकांना, दुभाष्यांना, रखवालदारांना, त्यांच्या मुलाबाळांना, अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर नेलं आणि तिथून अमेरिकेत वसवलं. हेरपटात अधिकाऱ्याचं विमान उडालं की श्रेयनामावली सुरू होते. कुर्दांच्या बाबतीत कथेचा मोठा भाग तिथून पुढे असतो.

लादेनच्या शोधावरच्या 'झिरो डार्क थर्टी'चा कुर्दांशी काय संबंध?

चित्रपट पाहून वाटतं की काहीच नाही. प्रत्यक्षात मोठा आहे.

लादेनपर्यंत पोचवणारा धागा म्हणजे त्याचा निरोप्या अबू अहमद अल-कुवेती. त्याच्याबद्दलची सर्वांत अचूक माहिती दिली हसन गुल याने. हा गुल जानेवारी २००४ मध्ये इराकी कुर्दिस्तानात पकडला गेला. अमेरिकी सिनेटच्या २०१४ च्या अहवालाप्रमाणे महत्त्वाची माहिती त्याने छळ सुरू होण्याआधीच दिली होती. सीआयएच्या माजी विश्लेषक नाडा बाकोस यांनी तर जाहीरपणे सांगितलंय, की कुर्दांच्या ताब्यात असताना तो एका घरात बसून चहा पीत मोकळेपणाने बोलत होता, बेड्याही नव्हत्या. छळ नंतर झाला, आणि त्यातून फारसं काही हाती आलं नाही.

चित्रपटातही हसन गुल नावाचं पात्र आहे. ते म्हणतं, पुन्हा छळ नको, विचारा काय ते, सांगतो. म्हणजे माहितीचं श्रेय आपसूक छळाला. कुर्द अधिकारी आणि चहाची किटली दोन्ही गायब. चित्रपटाचा काही भाग आपल्याकडे चंडीगडला चित्रित झाला. तिथल्या बाजाराला पाकिस्तानचं रूप दिलं होतं. जागेचं सोंग चालतं. कारणांची अदलाबदल केली तर गोष्टच वेगळी होते.

तुर्की मालिका-चित्रपटांत कुर्द बहुतेक वेळा खलनायकच का?

सरसकट नाही, पण ठरावीक जातीच्या हेरपटांत हो. 'कुर्तलार वादिसी' म्हणजे 'लांडग्यांची दरी' ही मालिका २००३ मध्ये सुरू झाली आणि तुर्कस्तान तिच्यासाठी वेडा झाला. २००६ मधला तिचा 'इराक' हा चित्रपट सुरू होतो एका खऱ्या घटनेने: ४ जुलै २००३ रोजी सुलेमानियात अमेरिकी सैनिकांनी तुर्की विशेष दलाच्या जवानांना पकडून त्यांच्या डोक्यांवर पिशव्या चढवल्या होत्या. तो राष्ट्रीय अपमान पडद्यावर पोलात आलेमदार हा नायक फेडून घेतो. अमेरिकी क्रूर, कुर्द पुढारी त्यांचे हस्तक. टाळ्या आपोआप पडतात.

गंमत अशी की या मालिकेचा कच्चा माल वास्तवातच पडला होता. ३ नोव्हेंबर १९९६ रोजी तुर्कस्तानातल्या सुसुर्लुकजवळ एक मर्सिडीज ट्रकवर आदळली. गाडीत होते एक बडा पोलीस अधिकारी, हवा असलेला एक उजवा मारेकरी, त्याची मैत्रीण, आणि सरकारच्या बाजूने लढणारी टोळी बाळगणारा एक कुर्द खासदार. पहिले तिघे मेले, खासदार वाचला. सरकार, गुन्हेगार आणि गुप्त पोलीस एकाच गाडीतून फिरतात हे सगळ्या देशाने पाहिलं.

कुर्द भागात लोकांना हे आधीपासून माहीत होतं. तिथे 'जितेम' या जेंडार्मरीच्या (लष्करी पोलीस दलाच्या) गुप्त शाखेचं नाव दबक्या आवाजात घेतलं जाई. सरकार तिचं अस्तित्वच नाकारत असे. पांढरी रेनॉ तोरोस गाडी दारात थांबली की माणूस परत येत नाही, अशी नव्वदच्या दशकातली दहशत. लेखक मुसा आंतेर यांची २० सप्टेंबर १९९२ रोजी दियारबकिरमध्ये हत्या झाली; तो खटला तीस वर्षं रखडून २०२२ मध्ये मुदतबाह्य ठरला. याच काळावर मिराझ बेझार या दिग्दर्शकाने २००९ मध्ये 'मिन दित' हा कुर्दी चित्रपट केला: आईबाप मारले गेलेली, दियारबकिरच्या रस्त्यावर आलेली दोन लहान मुलं. त्यात एकही पाठलाग नाही, आणि हेरखात्याबद्दल मी पाहिलेला तो सर्वांत भयंकर चित्रपट आहे.

भूमिका करणाऱ्यांनाही झळ लागते. 'ल ब्यूरो दे लेजांद' या फ्रेंच हेरमालिकेत मेलिसा सोझेन या तुर्की अभिनेत्रीने सीरियातल्या कुर्द लढवय्यीचं काम केलं. मालिका जुनी झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तुर्की पोलिसांनी त्या गणवेशापायी तिचा जबाब घेतला.

ओजलानला मोसादने पकडून दिलं का?

१५ फेब्रुवारी १९९९ रोजी नैरोबीत ग्रीक राजदूताच्या आश्रयातून बाहेर पडल्यावर तो तुर्की हेरांच्या हाती लागला आणि एका उद्योगपतीच्या खासगी जेटमधून मायदेशी आणला गेला. अमेरिकेने माग काढायला मदत केल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं. मोसादचं नाव मात्र अफवेतून पसरलं, आणि इस्रायलने ते नाकारलं. तोवर व्हायचं ते झालं होतं: दोनच दिवसांनी बर्लिनच्या इस्रायली वाणिज्य दूतावासात घुसलेल्या कुर्द निदर्शकांवर रक्षकांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली.

आणि इराण?

इराणची पद्धत बोलणी करता करता मारण्याची. १३ जुलै १९८९ रोजी व्हिएन्नात कुर्द नेते अब्दुल रहमान कासेमलू इराणी प्रतिनिधींशी वाटाघाटीला बसले आणि टेबलावरच मारले गेले. ऑस्ट्रियाने संशयितांना जाऊ दिलं. त्यांच्या जागी आलेले सादेग शराफकंदी १७ सप्टेंबर १९९२ रोजी बर्लिनच्या मिकोनोस उपाहारगृहात तीन साथीदारांसह मारले गेले. जर्मन न्यायालय मात्र बधलं नाही: १९९७ च्या निकालात त्याने आदेश थेट तेहरानच्या सर्वोच्च पातळीवरून आल्याचं नोंदवलं.

आज हेरगिरीचा आरोप सर्वांत स्वस्तात चिकटतो तो 'कोलबर' लोकांना. हे पाठीवर टायर, सिगारेटी, फ्रिज असला माल लादून इराण-इराक सीमेवरचे डोंगर पार करणारे गरीब हमाल. जून २०२५ मध्ये इराणमधल्या उर्मियाच्या तुरुंगात इस्रायलसाठी काम केल्याच्या आरोपावरून तिघांना फाशी दिली गेली. त्यांत कोलबर होते आणि कबुलीजबाब छळाने घेतले होते, असं कुर्दी मानवाधिकार संघटनांचं म्हणणं आहे. त्याआधी, १५ जानेवारी २०२४ रोजी, इराणने एर्बिलमधल्या एका घरावर क्षेपणास्त्रं टाकली आणि 'मोसादचं मुख्यालय उडवलं' असं जाहीर केलं. ते एका व्यापाऱ्याचं घर होतं, तो आणि त्याची तान्ही मुलगी मेली. इराकच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांनी जागेवर जाऊन इराणचा दावा खोडून काढला.

बगदादीची अंतर्वस्त्रं चोरली होती, हा विनोद आहे ना?

नाही. सीरियातल्या कुर्द नेतृत्वाखालच्या दलाचे सल्लागार पोलात जान यांनीच ते सांगितलं. त्यांचा हस्तक आयसिसप्रमुख बगदादीच्या गोटात शिरला होता. डीएनए जुळवून खात्री करण्यासाठी त्याने आतले कपडे पळवले. अमेरिकी छापा २६ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री पडला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला ट्रम्प यांनी कुर्द भागातून सैन्य मागे घ्यायला लावलं होतं आणि तुर्कस्तानने हल्ला सुरू केला होता. कुर्दांनी हस्तक तरीही कामावर ठेवला.

सर्वांत मोठं घबाड कुठलं?

कागद. मार्च १९९१ च्या उठावात कुर्दांनी सद्दामच्या सुरक्षा खात्याच्या इमारती जिंकल्या आणि दफ्तरं सहीसलामत हाती लागली. जवळपास १८ टन कागद अमेरिकेला गेला. ह्यूमन राइट्स वॉचने त्याची छाननी करून १९८८ च्या, सद्दामने कुर्दांविरुद्ध चालवलेल्या अन्फाल मोहिमेचा नरसंहार सिद्ध करायला तो वापरला. खबऱ्यांच्या चिठ्ठ्या, पावत्या, उडवलेल्या गावांच्या याद्या, सगळं क्रमांक घालून लावलेलं. हुकूमशाहीला आपलं दप्तर नीटनेटकं ठेवायची फार हौस असते.

सुलेमानियातली अशी एक इमारत, 'अम्ना सुराका', आता संग्रहालय आहे. बाहेरच्या भिंतींवर गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्यात. आतल्या एका बोळात आरशाचे १,८२,००० तुकडे आणि ४,५०० दिवे आहेत: कुर्दांच्या गणतीप्रमाणे अन्फालमध्ये गेलेली माणसं आणि उद्ध्वस्त झालेली गावं.

हिंदी हेरपटांत कुर्द दिसतात का?

नावापुरतेही नाहीत म्हटलं तरी चालेल. 'टायगर जिंदा है' ज्या घटनेवरून सुचला, ती २०१४ ची. तिक्रितमध्ये अडकलेल्या ४६ भारतीय परिचारिकांना आयसिसने मोसुलला नेलं आणि मग सोडलं. त्या कुर्दांच्या हद्दीत पोचल्या, एर्बिलहून एअर इंडियाच्या विमानाने ५ जुलैला कोचीत उतरल्या. पडद्यावर रॉ आणि आयएसआय मिळून गोळीबार करतात. त्याच घटनेवरचा मल्याळम 'टेक ऑफ' परिचारिकांच्या बाजूने गोष्ट सांगतो आणि म्हणून बराच उजवा आहे. भारताने एर्बिलमध्ये वाणिज्य दूतावास उघडला तो त्यानंतर, २०१६ मध्ये.

चित्रपटातले कुर्द खरंच कुर्दी बोलतात का?

पुष्कळदा अरबी, कधी तुर्की बोलतात. तुर्कस्तान आणि सीरियात मुख्यतः कुर्मांजी, सुलेमानिया आणि एर्बिलकडे सोरानी. पहिली लॅटिन लिपीत, दुसरी अरबी वळणाच्या लिपीत. उपशीर्षकं वाचताना कान उघडे ठेवा. पेशमर्गा अस्खलित अरबीत हुकूम देत असेल, तर दिग्दर्शकाने कुर्द सल्लागारावरचा खर्च वाचवलाय.